दर तिसऱ्या मंगळवारी

इव्हालो सोडलं की रस्त्यावर मी आणि तीन हजार पुस्तकं.
डिसेंबरात दुपारी बारालाही दिवे लावून चालवतो.
थांबे अकरा. कुठे शाळा, कुठे बंद पडलेला पेट्रोलपंप,
कुठे नुसती एक टपालपेटी
आणि तिच्याशेजारी पिशवी घेऊन उभं कुणीतरी.

एरवी माणसं एकमेकांना फारशी भेटत नाहीत इथे.
पण यंदा त्या हिरव्या पुठ्ठ्याच्या जाड कादंबरीच्या
चार प्रती आल्या, आणि अख्खा रस्ता तिच्यात अडकला.

ओइवा रेनडियर पाळतो. पायरीवर बूट आपटत म्हणाला,
"नव्वदाव्या पानावर घोडा गोठलेली नदी ओलांडतो,
तेही मे महिन्यात! बुडाला असता, गाडीसकट.
ज्याला बर्फ कळत नाही, त्याला माणसं काय कळणार?"
तरी पुस्तक दिलं नाही. मुदत वाढवून घेऊन गेला.

सैमा निवृत्त सुईण. "बर्फाचं सोड," म्हणाली,
"त्या बाळंतपणात कुणीच घाबरलेलं नाही, ते खटकलं.
बाकी बरं आहे. वाचता वाचता
दोनदा शेगडी विझली माझी."

कोर्पेला बहिणी समोरासमोर राहतात. सोळा वर्षांचा अबोला.
दोघींना प्रत मात्र एकच लागते.
थोरली समासात पेन्सिलीनं खुणा करते,
धाकटी त्या खोडते, इतकं घासून
की काही पानांवर पलीकडची ओळ दिसते.
नियमाप्रमाणे दंड लावायला हवा.
नियम करणाऱ्यानं हा रस्ता पाहिलेला नाही.

खरं भांडण एकाच गोष्टीवरून.
कादंबरीतली ती नणंद भावाची पत्रं
आधी पाठ होईस्तोवर वाचते, मग एकेक शेगडीत घालते,
आणि वहिनीला सांगते, टपाल आलंच नाही.
ओइवा: "चाबकानं फोडली पाहिजे."
औने: "त्याला सांग, दोन दोन महिने जंगलात
एकटं राहणाऱ्यानं बायकांबद्दल बोलू नये."
सैमा: "सांगू नकोस. पण औनेचं बरोबर आहे."
एतू, वय चौदा: "पुस्तकात हवामान फार आहे."

मी हे सगळं पोचवतो. ध चा मा करत नाही.
म्हणजे एकदाच केला. चाबकाचं औनेला सांगताना म्हणालो,
"ओइवाला ती तितकीशी आवडली नाही."
"तितकीशी?" औने हसली.
ती त्याला ओळखते, शाळेपासून.

मग म्हणाली, "आणि तुझं काय मत?"
एकोणीस वर्षं झाली या गाडीवर,
हे कुणी विचारलं नव्हतं.
रस्ता निसरडा आहे, म्हणालो, निघतो.
पुस्तकं मी उचलतो. पेट्या भरतो, रिकाम्या करतो.
माझ्या कमरेची आणि त्यांची ओळख आहे, तेवढीच.

परवा सहाव्या थांब्यावर कुणी आलं नाही.
वीस मिनिटं थांबायचं असतं.
हीटर घुरघुरत होता, थर्मासमधली कॉफी कोमट.
नुसतं नव्वदावं पान बघावं म्हटलं, घोड्याचं.
घोडा पार झाला. का कोण जाणे, हायसं वाटलं.
मग मागे गेलो, घोडा कुणाचा ते बघायला.

मान वर केली तेव्हा समोरची काच
बाहेरून पार झाकली गेली होती.

औने टपालपेटीपाशी तासभर उभी होती.
पापण्या पांढऱ्या. "वाटलं, गेलास कुठल्या खड्ड्यात."
मी तिची पुस्तकं घेतली, शिक्के मारले, एक उलटा.
मग म्हणालो, "सगळी नाही जाळली तिनं.
एक ठेवलंय. शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.
एकशे बाहत्तर."

औनेनं हातमोजा काढला, पुन्हा घातला.
"असं काही नाहीये त्यात."
आणि जरा वेळानं,
"कुठे? दाखव."

मी इंजिन बंद केलं.
या थांब्यावर ते कधी करत नाही,
परत चालू होईल याची खात्री नसते.